पीटी बोटीच्या मॉडेलवर टोपणनाव लिहिण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पीटी बोटीचं (टॉर्पेडो घेऊन धावणाऱ्या छोट्या, वेगवान बोटीचं) मॉडेल करायला घेतलंय. बॉम्बफेकी विमानांच्या नाकावर असायची तशी टोपणनावं या बोटींनाही होती असं ऐकलं. कोणत्या बोटीचं कोणतं नाव होतं, मॉडेलवर ते कुठे आणि कसं लिहायचं? आणि १९७१ मधल्या आपल्या नौदलाच्या बोटींना अशी नावं होती का?

नावं होती आणि भरपूर होती. पण 'अमुक नंबरच्या बोटीचं टोपणनाव काय' असं विचारलं की मी उलट विचारतो, कोणत्या खलाशांच्या वेळचं? कारण टोपणनाव बोटीचं नसायचं, तिच्यावर त्या काळात राहणाऱ्या माणसांचं असायचं. माणसं बदलली की नाव पुसलं जायचं, नवं यायचं. पीटी-३०५ घ्या. तिची तीन नावं सापडतात: 'सडन जर्क', 'बार फ्लाय' आणि 'हाफ हिच'. बोट तीच, भूमध्य समुद्रही तोच. त्यामुळे कुठल्या तरी यादीत नंबरापुढे एकच नाव दिसलं आणि तुम्ही ते उचलून मॉडेलवर चिकटवलं, तर बोट बरोबर पण साल चूक असं सहज होऊ शकतं.

मुळात टोपणनावाची गरज का पडली ते आधी सांगतो. अमेरिकन नौदलात विनाशिका, क्रूझर, पाणबुड्या यांना रीतसर नावं मिळत. पीटी बोटींना फक्त आकडा. पीटी म्हणजे पॅट्रोल (गस्ती) टॉर्पेडो, आणि पुढे नंबर. त्याहून गंमत म्हणजे या बोटी एकेकट्या 'कमिशन' होतच नसत, म्हणजे नौदलाचं रीतसर जहाज म्हणून त्यांची नोंद नसे. कमिशन व्हायची ती स्क्वाड्रन, म्हणजे बोटींची तुकडी. तिच्यातल्या बोटी नुसत्या 'सेवेत दाखल' केल्या जात. म्हणजे जहाजाच्या नावापुढे लागणारं 'यूएसएस' हे बिरुद लावायचा या बोटींना अधिकारच नव्हता. आता पीटी-३०५ च्या पोरांनी आपल्या बोटीला काय म्हटलं बघा: 'यूएसएस सडन जर्क'. जे बिरुद सरकारने दिलं नाही ते स्वतःच लावून घ्यायचं, आणि ते लावायचं कशाला, तर धक्क्याला दाणकन आदळणाऱ्या बोटीला! शिवाय 'जर्क' म्हणजे हिसका आणि 'जर्क' म्हणजे येडा माणूसही, तेव्हा सुकाणूवर कोण होतं हेही ओघाने आलंच. कप्तानाने हे चालवून घेतलं यावरून बोटीवरचं वातावरण कळतं. मोठ्या जहाजावर अशी थट्टा कोणी खपवून घेतली नसती.

हे वातावरण बोटीच्या आकारातूनच यायचं. एल्को कंपनीची बोट ८० फुटांची, हिगिन्सची ७८ फुटांची. सुरुवातीला १२-१३ माणसं, पुढे बंदुका वाढत गेल्या तशी माणसंही वाढली. कप्तान बहुतेकदा राखीव दलातून आलेला, विशी ओलांडलेला कोवळा अधिकारी. खाली तीन पॅकार्ड इंजिनं, आणि टाक्यांत तीन हजार गॅलन शंभर ऑक्टेन पेट्रोल. त्या पेट्रोलवर झोपायचं, त्याच्या वासातच जेवायचं, आणि रात्री चाळीस नॉटच्या आसपास पळायचं. एवढ्याशा जागेत सगळ्यांना सगळ्यांची सगळी माहिती. नावं त्यातूनच निघायची.

कोकणातल्या बंदरावर मासेमारी बोटी पाहिल्या असतील तर हे चटकन कळेल. नोंदणीचा लांबलचक नंबर सरकारसाठी, आणि त्याच्या वर झोकदार अक्षरांत 'एकवीरा' नाहीतर पोरीचं नाव. बंदरावर हाक मारताना नंबर कोण घेतं?

नावांचे ढोबळ प्रकार सांगता येतात, पण त्यांची वर्गवारी करत बसण्यात अर्थ नाही, कारण निम्मी नावं दोन-दोन प्रकारांत बसतात. बायका-मुलींची नावं होती. गाणी, सिनेमे, चित्रमालिका यांतून घेतलेली होती. पीटी-३०९ चं नाव 'ओ फ्रँकी'. फ्रँक सिनात्रा गायला उभा राहिला की पोरी जी किंकाळी मारत, तीच. ही बोट आज टेक्सासमध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या संग्रहालयात आहे. समुद्रापासून इतक्या लांब, कारण पॅसिफिकमधल्या अमेरिकन ताफ्याचे प्रमुख अॅडमिरल निमिट्झ यांचं ते जन्मगाव. पीटी-६१७ ची ओळख 'ड्रॅगन लेडी', म्हणजे वृत्तपत्रांतल्या चित्रमालिकेतून तेव्हा घराघरांत पोचलेली खलनायिका. तिच्याच शेजारी, मॅसॅच्युसेट्समध्ये फॉल रिव्हरला, पीटी-७९६ ठेवली आहे. तिचं नाव 'टेल एंडर', शेपटाकडची. अगदी शेवटच्या तुकडीत बांधलेली बोट, लढाई तिने पाहिलीच नाही. पण १९६१ मध्ये केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हाच्या मिरवणुकीत, युद्धात ते ज्या बोटीचे कप्तान होते ती पीटी-१०९ म्हणून मिरवली ती हीच. आणि खुद्द १०९? ती जगभर गाजली ती नुसत्या आकड्यावर. जनरल मॅकआर्थरना मार्च १९४२ मध्ये फिलिपिन्समधल्या कोरेगिडोर बेटावरून बाहेर काढणारी ४१ सुद्धा तशीच. बोट गाजायला टोपणनाव लागतंच असं नाही.

मला स्वतःला आवडतात ती कुरकुर करणारी नावं. पीटी-१३१ चं नाव 'टार्फू'. अमेरिकन सैन्यात 'स्नाफू' हा शब्द सर्रास चालायचा. सगळा गोंधळ आहे आणि तो नेहमीचाच आहे, अशा अर्थाच्या वाक्याची ती आद्याक्षरं. टार्फू ही त्याची पुढची पायरी: आता मात्र खरोखरच वाट लागली आहे. (मधल्या एका शब्दाचा सभ्य पर्याय छापील पुस्तकांत असतो, खलाशांच्या तोंडी नसायचा.) पीटी-१३० चं नाव 'न्यू गिनी क्रड'. न्यू गिनीच्या दमट हवेत, ओल्या कपड्यांत, महिनोन्महिने राहून अंगावर जे चिघळणारं पुरळ उठायचं त्याला पोरं क्रड म्हणत. खरूज-नायट्याचं नाव लढाऊ बोटीला देणारी माणसं मला फार जवळची वाटतात.

याच दोन बोटी २४ ऑक्टोबर १९४४ च्या रात्री एका मोठ्या लढाईच्या तोंडाशी होत्या, म्हणून थोडं थांबतो. फिलिपिन्समधल्या सुरिगाव सामुद्रधुनीतून जपानी युद्धनौका वर लेइटे बेटाकडे येणार अशी अटकळ होती. त्यांच्या वाटेवर तीन-तीनच्या १३ टोळ्या करून ३९ पीटी बोटी पसरल्या होत्या. काम असं, की आधी शत्रू दिसला की कळवायचं आणि मग टॉर्पेडो सोडायचे. बोहोल बेटाजवळच्या टोळीत १३०, १३१ आणि १५२ या तीन बोटी होत्या; १५२ चं नाव 'लाकाकुकी'. रात्री १० वाजून ३६ मिनिटांनी १३१ च्या रडारवर ठिपके आले. बोटी पुढे सरसावल्या, तसे जपानी विनाशिकांनी सर्चलाइट टाकून गोळे सोडले. १५२ वरची तोफ गोळा लागून उखडली, आग लागली. १३० ला लागलेला गोळा टॉर्पेडोच्या डोक्यातून आरपार गेला आणि फुटला नाही. फुटला असता तर या बोटीची गोष्ट सांगायला कोणी उरलं नसतं.

आता खबर द्यायची तर रेडिओ बंद. मग १३० अंधारात कामिगिन बेटाकडे पळाली, तिथल्या टोळीतल्या १२७ ला गाठलं आणि तिच्या रेडिओवरून निरोप पुढे गेला. पुढे थांबलेल्या अमेरिकन युद्धनौकांचे प्रमुख रिअर अॅडमिरल ओल्डेनडॉर्फ यांच्या हाती तो पडला १२ वाजून २६ मिनिटांनी. पुढे त्यांच्या युद्धनौकांनी काय केलं हा इतिहास सगळे वाचतात. ही खबर घेऊन धावलेल्या बोटीचं नाव खरजेवरून होतं हे सहसा कोणी लिहीत नाही, कारण अधिकृत अहवालात फक्त नंबर येतो.

त्याच रात्री पानाओन बेटाजवळ दुसरी एक टोळी होती. पीटी-४९० 'लिटल बुच', पीटी-४९१ 'डेव्हिल्स डॉटर' आणि पीटी-४९३ 'कॅरोल बेबी'. जपानी विनाशिकांवर टॉर्पेडो सोडून वळताना ४९० सर्चलाइटमध्ये सापडली. तिला झाकायला ४९३ धूर सोडत मध्ये आली आणि तिलाच तीन गोळे लागले. चार्टहाउस (नकाशांची खोली) उडालं, पाण्याखाली भोकं पडली, दोन माणसं गेली, पाच जखमी झाली. इंजिन रूममध्ये पाणी भरत असताना तिथल्या ब्रुनेल नावाच्या मेकॅनिकने अंगावरचं लाइफ जॅकेट काढून भोकात कोंबलं आणि इंजिनं चालू ठेवली. त्यासाठी त्याला नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक मिळाला. बोट कशीबशी पानाओनच्या खडकांवर चढली. माणसं उतरून किनाऱ्यावर दडली, आणि उजाडल्यावर 'डेव्हिल्स डॉटर'ने त्यांना उचललं. भरती आली तशी 'कॅरोल बेबी' खडकावरून घसरून बुडाली. त्या रात्री ३९ पैकी ३० बोटींवर गोळीबार झाला, १० ना गोळे लागले, गमावली ती ही एकच.

सगळ्या पीटी बोटींना मिळून जी नावं पडली ती वेगळी. 'मॉस्किटो फ्लीट' म्हणजे मच्छरांचा ताफा. त्यावरून डिस्नेच्या चित्रकारांनी टॉर्पेडोवर स्वार झालेल्या मच्छराचं बोधचिन्ह काढून दिलं. तेव्हाच्या रेडिओ वर्णमालेत 'पी'ला पीटर आणि 'टी'ला टेअर म्हणत, म्हणून 'पीटर टेअर'. युद्धानंतर या बोटींवरच्या अधिकाऱ्यांनी संघटना काढली तिलाही हेच नाव दिलं. १९४१ मध्ये न्यू लंडनजवळच्या समुद्रात वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोटींची शर्यतवजा चाचणी झाली, तिला 'प्लायवुड डर्बी' म्हटलं गेलं. या नावाने मात्र नुकसान केलं. आजही लोक पीटी बोट प्लायवुडची समजतात. एल्कोचं बूड म्हणजे महॉगनीच्या फळ्यांचे तिरपे दोन थर आणि मध्ये सरसात भिजवलेलं कापड. मॉडेलवर धक्का लागून रंग खरवडलेला दाखवायचा असेल तर खाली तिरप्या फळ्या दाखवा.

ब्रिटिशांकडेही हाच प्रकार. त्यांच्या फेअरमाइल 'डी' बोटींना सगळे 'डॉग बोट' म्हणत, डी फॉर डॉग. ब्रह्मदेशात अराकानच्या किनाऱ्यावर, खाड्या-खाजणांतून लढलेल्या रॉयल इंडियन नेव्हीच्या मोटर लाँच होत्या त्याही 'एमएल' आणि पुढे नंबर अशाच.

१९७१ चं विचारलंत. तिथे चित्र उलटं आहे. आपल्या विद्युत वर्गाच्या क्षेपणास्त्र बोटी कामाने पीटी बोटींच्याच भावकीतल्या, पण त्यांना पहिल्यापासून रीतसर नावं होती: निपात, निर्घात, वीर, विनाश, नाशक, निर्भीक, विजेता, विद्युत. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर गेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर; कमांडर बब्रुभान यादव त्यांचे प्रमुख, सोबत किल्टान आणि कच्छल या युद्धनौका. ८ डिसेंबरला विनाश गेली. बोटीला आधीच 'विनाश' असं नाव असेल तर पोरांनी आणखी काय लिहायचं? टोपणनाव पडलं ते सगळ्या तुकडीला मिळून: 'किलर्स'. आजही क्षेपणास्त्र बोटींच्या २२ व्या आणि २५ व्या तुकडीची चर्चा निघाली की मुंबईतले जुने नौसैनिक बोटीचं नाव मागाहून घेतात, आधी 'किलर स्क्वाड्रन' म्हणतात. तेव्हा तुम्ही कधी ओसा बोटीचं (आपल्या विद्युत वर्गाच्या बोटी याच सोव्हिएत वर्गाच्या) मॉडेल केलंत तर बाजूला टोपणनाव लिहू नका.

आता कामाचं. आधी तुमचं किट कोणत्या बोटीचं आहे ते बघा. ३०५, ३०९, ७९६ या तिन्ही हिगिन्सच्या. रेव्हेलचं १/७२ मधलं पीटी-१०९ आणि इटालेरीचं १/३५ मधलं पीटी-५९६, दोन्ही एल्को. एल्कोच्या मॉडेलवर 'सडन जर्क' लिहिलंत तर ओळखणारा माणूस लांबूनच हसेल. दोघींच्या डेकची मांडणी, कॉकपिटची जागा, सगळंच निराळं. नंबरावरून बांधणीदार ओळखायची सवय लावून घ्या: १०३ ते १९६ एल्को, १९७ ते २५४ हिगिन्स, २६५ ते ३१३ पुन्हा हिगिन्स, ३१४ ते ३६१ एल्को, ४८६ ते ५६३ एल्को. एवढ्यावर बहुतेक प्रश्न सुटतात.

मग साल. १०९ च्या काळात डेकवर टॉर्पेडोच्या जाड नळ्या असत. पुढे त्या काढून हलके मार्क १३ टॉर्पेडो नुसत्या कडांवरच्या घोडीत ठेवायला लागले, आणि मोकळ्या झालेल्या वजनात तोफा आल्या. नळ्या असलेल्या मॉडेलवर १९४४ च्या शेवटी रंगवलेलं नाव घालू नका, आणि उलटही नको. यादीवर विसंबण्यापेक्षा त्या बोटीचा एक तरी फोटो शोधा ज्यात नाव वाचता येतं आणि डेकवरची शस्त्रंही दिसतात. फोटोला साल नसलं तरी शस्त्रांवरून काळ काढता येतो. दोन फोटोंत दोन नावं दिसली तर गोंधळू नका. दोन्ही खरी असतील.

नावाची नेहमीची जागा म्हणजे कॉकपिटची किंवा चार्टहाउसची बाजू, जिथे बुडवलेल्या बार्जेसच्या (शत्रूच्या मालवाहू होड्यांच्या) खुणाही रंगवत. पुढे नाळेवर (बोटीच्या नाकावर) मोठ्या अक्षरांत नाव, हा विमानांचा थाट; बोटीवर तो करू नका. अक्षरं लहान ठेवा. खऱ्या बोटीवर आठ इंचांचं अक्षर धरलं तर १/३५ मध्ये ते पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास येतं, आणि १/७२ मध्ये तीन मिलिमीटरही नाही. याहून मोठं झालं की बोट खेळण्यातली दिसायला लागते.

कॉम्प्युटरवर सुबक टाइप निवडून डीकॅल (मॉडेलवर चिकटवायचं छापील चित्र) छापण्याचा मोह होतो. तो आवरा. ही नावं बोटीवरच्याच कोणी तरी, ज्याचा हात जरा बरा होता त्याने, डब्यात उरलेल्या रंगाने काढलेली असत. अक्षरं एका रेषेत नसतात, शेवटच्या अक्षराला जागा कमी पडलेली असते. छापायचंच असेल तर आधी कागदावर ब्रशने मोठं लिहा, त्याचा फोटो काढून लहान करा आणि मग छापा. १/३५ ला मी सरळ ट्रिपल झिरो ब्रशनेच लिहितो. पांढरा रंग अगदी शुद्ध पांढरा घेऊ नका, त्यात बोटीच्या हिरव्याचा किंवा करड्याचा थेंब टाका. आणि जुन्या नावाचा पुसलेला डाग दाखवायचा असेल तर नव्या नावाच्या मागे बोटीच्याच रंगाचा एक किंचित वेगळ्या छटेचा चौकोनी पट्टा मारा; रंग बदलून फासल्यावर खऱ्या बोटीवर तो तसाच दिसे.

इटालेरीचं किट असेल तर मी म्हणेन 'कॅरोल बेबी' करा. ५९६ आणि ४९३ दोन्ही उत्तरकाळातल्या एल्को, त्यामुळे बुडाचा आणि डेकचा आराखडा जुळतो. बंदुकांची मांडणी मात्र ४९३ च्या फोटोवरून पक्की करून घ्या. मॅट वॉर्निश मारण्याआधी लिहिलेलं नाव पूर्ण एक दिवस सुकू द्या. पावसाळ्यात दोन.